डाकीण, दरोडेखोर आणि सातबारा

१/ ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत काउंट ड्रॅक्युलाचा अंत दोन शस्त्रांनी होतो. जोनाथन हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि त्याच क्षणी टेक्सासहून आलेल्या क्विन्सी मॉरिसचा बोवी सुरा त्याच्या काळजात शिरतो. लाकडी खुंटीचा येथे मागमूसही नाही. कुकरी ही ब्रिटिश हिंदुस्थानातील गुरखा पलटणींची ओळख. बोवी सुरा अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीची. युरोपातील सर्वांत प्रसिद्ध पिशाच्च दोन वसाहतींच्या सीमांवरून आलेल्या पोलादाने मेले.

२/ म्हणून ‘व्हॅम्पायर आणि काउबॉय’ ही जोडी विचित्र आहे, स्वस्त निर्मात्यांनी गल्ल्यासाठी जुळवलेली आहे, हे मत घाईचे ठरते. जोडी मुळातच होती. स्वस्त निर्मात्यांनी फक्त व्हॅम्पायरला घोड्यावर बसवले.

३/ या धाग्याचा विषय तो स्वस्त चित्रपटप्रकार आणि नंदुरबार जिल्हा, असा दुहेरी आहे. या दोहोंचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. संबंध जमिनीचा आहे.

४/ प्रथम चित्रपट. १९५९ साली युनिव्हर्सल कंपनीने एडवर्ड डीन याच्या दिग्दर्शनाखाली ‘कर्स ऑफ द अनडेड’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. खर्च बेताचा, नट दुय्यम फळीतले, लांबी सव्वा तासाच्या आसपास. कार्टर कुटुंबाची जमीन आणि पाणी शेजारचा बफर नावाचा धनदांडगा गिळू पाहतो. बाप मरतो, भाऊ मारला जातो. मुलगी डोलोरेस सूड घेणाऱ्यास बक्षीस देण्याच्या जाहिराती लावते. ती वाचून काळ्या पोशाखातला एक बंदूकबाज येतो. त्याला गोळी लागते, पण तो मरत नाही. तो व्हॅम्पायर आहे.

५/ इथवर करमणूक. मर्म पुढे आहे. गावचा पाद्री जमिनीचे जुने कागद चाळताना त्या बंदूकबाजाचे मूळ शोधतो. तो आहे ड्रॅगो रोबलेस, म्हणजे हे रान ज्या स्पॅनिश घराण्याचे होते त्या घराण्याचा मुलगा. भावाचा खून आणि त्यामागून आत्महत्या, या पापामुळे तो पिशाच्च झाला, असे पटकथा सांगते. पाप वैयक्तिक ठेवले आहे. जमिनीचे हस्तांतर मात्र पार्श्वभूमीला ढकलले आहे. तरीही एक गोष्ट पडद्यावर उरतेच : या रानातला रक्तपिपासू हा रानाच्या आधीच्या मालकाचा वारस आहे.

६/ हा योगायोग समजावा, तर १९६६ चा ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ पाहावा. दिग्दर्शक विल्यम बोडाइन, ड्रॅक्युलाच्या भूमिकेत वृद्ध जॉन कॅराडीन. चित्रपट म्हणून तो इतका गचाळ आहे की त्याची कीव यावी. वटवाघूळ दोरीला लटकलेले स्पष्ट दिसते. पण कथानक पाहा. ड्रॅक्युला एका मूलनिवासी मुलीचा बळी घेतो. संतापलेले तिचे लोक घोडागाडीतील प्रवाशांची कत्तल करतात. मृतांपैकी एकाचे नाव आणि ओळख चोरून ड्रॅक्युला एका तरुण मुलीचा मामा बनतो आणि तिच्या कुरणावर येऊन बसतो. कत्तलीचा कलंक मूलनिवासींच्या माथी, वारसाहक्क पिशाच्चाच्या हाती.

७/ कलेच्या दृष्टीने या दोन चित्रपटांची कोणी आठवण ठेवू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ठेवावी. मोठ्या खर्चाचा वेस्टर्न पट सरहद्दीला निसर्गदृश्य बनवतो. सूर्यास्त, दऱ्या, संगीत. स्वस्त चित्रपटाला सूर्यास्त परवडत नाही, त्यामुळे त्याचे कथानक उघडे पडते. तिथे दिसते की रक्ताचे भांडण बहुतेक वेळा उताऱ्याचे भांडण असते, आणि ज्याचा दावा गैरसोयीचा त्याला पिशाच्च ठरवले की दावा आपोआप निकालात निघतो.

८/ आता सातपुडा. भयकथांच्या रसिकवर्तुळात एक कल्पना अधूनमधून मोठ्या उत्साहाने मांडली जाते : मराठीत असा चित्रपट व्हायचा तर तो नंदुरबारमध्येच व्हावा. तोरणमाळचे कडे आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार आहे. भिल्ल दरोडेखोरांच्या गोष्टी आहेत. आणि ‘डाकीण’ आहे, रक्त शोषणारी, काळीज खाणारी. सगळे साहित्य तयार. फक्त कॅमेरा लावायचा.

९/ पैसा ही अडचण नाही, हे शेजारच्या मालेगावने केव्हाच दाखवले. नासिर शेख याने ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले आणि आगगाडीच्या जागी बस आली. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘शोले’ स्वतःच वेस्टर्न पटांचा देशी अवतार. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांनी त्याचाही पुन्हा अवतार केला. म्हणून हा आक्षेप स्वस्त चित्रपटाविरुद्ध नाही, भयपटाविरुद्धही नाही. आक्षेप पात्रवाटपाविरुद्ध आहे. भिल्ल म्हणजे दरोडेखोर आणि आदिवासी बाई म्हणजे पिशाच्च, हे वाटप कोणी केले, केव्हा केले आणि त्याचा लाभ कोणाला झाला?

१०/ दरोडेखोरापासून सुरुवात करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांचे घाटांवर हक्क होते. वाटसरूंकडून आणि गावांकडून ठरलेली रक्कम घेणे आणि त्या बदल्यात राखण करणे, ही जुनी व्यवस्था होती. नव्या सरकारने तिला लूट म्हटले. आधी फौजा पाठवून घाट अडवले, रसद तोडली. तापाने शिपाईच मरू लागले. मग १८२५ मध्ये धोरण पालटले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रम याने खानदेश भिल्ल पलटण उभारली. भिल्लांना पकडायला भिल्लच नेमले.

११/ वेस्टर्न पटात ‘शेरीफ’ आणि ‘आउटलॉ’ ही दोन वेगळी माणसे असतात. सातपुड्यात ती अनेकदा एकच होती. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची सरकारी राखण करणारा नोकर होता. एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला तुरुंगात टाकले, पुढे सोडले, गरज पडली तेव्हा पुन्हा कामावर घेतले. १८५७ मध्ये त्याच घाटात तो सरकारविरुद्ध उभा राहिला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तिच्यात आणि तिच्यानंतर अनेक भिल्लांचे प्राण गेले. ज्या सरकारच्या दप्तरात तो काल पहारेकरी होता त्याच दप्तरात आज तो दरोडेखोर झाला. लेखणी बदलली नव्हती. रकाना बदलला होता.

१२/ आणि मग जमीन. डोंगरात १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारचे झाले. खाली शहादा-तळोद्याच्या काळ्या मातीत मोजणी झाली, सारा रोखीने आला, आणि रोख रक्कम सावकाराकडे होती. नांगराला बैल हवे, बियाणे हवे, लग्नाला धान्य हवे. कर्ज घेतले, अंगठा दिला, पीक गेले. पुन्हा कर्ज, पुन्हा अंगठा, मग शेत गेले. पुढची पिढी त्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागली. सालदारी म्हणजे वर्षभराचा करार; आणि आधीची उचल फिटत नसल्यामुळे त्या वर्षाला शेवट नसे.

१३/ युरोपीय लोककथेत आणि स्टोकरच्या कादंबरीत एक नियम आहे : घरातल्या कोणीतरी बोलावल्याखेरीज व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. एकदा बोलावणे मिळाले की मग मात्र तो हवा तेव्हा येतो. निरक्षर कुळाच्या अंगठ्याचे याहून नेमके वर्णन कोणत्याही महसूल अहवालात सापडणार नाही. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली, ती अनेकांना अतिशयोक्ती वाटते. त्यांनी सालदाराच्या हिशेबाची एखादी वही वाचावी.

१४/ इथे एक जुना भाषांतरदोषही नोंदवायला हवा. ‘वेताळपंचविशी’तील निवडक कथा रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकात वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ केले. बर्टन मुंबई सरकारच्या सैन्यातला अधिकारी. बडोद्याला राहिलेला, मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झालेला. त्याला फरक कळत नव्हता असे मानणे कठीण आहे. आपल्याकडचा वेताळ कोडी घालतो, राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार आहे. रक्ताशी त्याला फारसे देणेघेणे नाही. पण लंडनच्या वाचकाला जो शब्द विकता येत होता तो शब्द त्याच्यावर चिकटवला गेला. (स्टोकरने पुढे आपल्या आठवणींत बर्टनच्या सुळ्याचे मोठ्या कुतूहलाने वर्णन केले आहे. व्हॅम्पायर नक्की कोणता, हा प्रश्न तिथेही पडावा.)

१५/ डाकिणीचे प्रकरण मात्र भाषांतराने उडवून लावता येत नाही, आणि तसे उडवणे ही लबाडी होईल. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजात डाकिणीवरची श्रद्धा बाहेरून आलेली नाही. ती जुनी आहे. मूल आजारी पडते, गुरे मरतात, बाळंतीण जाते. कुटुंब भगताकडे किंवा बडव्याकडे जाते. तो दाणे पाहतो आणि एका बाईकडे बोट दाखवतो. त्या बाईचे पुढे काय होते हे सांगण्यासाठी भयपटाची गरज नाही : मारहाण, गावाबाहेर काढणे, आणि कित्येकदा खून. मारणारे बहुधा दीर, पुतणे, शेजारी असतात. सगळे पाप सावकाराच्या आणि साहेबाच्या पदरात टाकणारे भाबडे आदिवासीप्रेम या बाईच्या काही कामाचे नाही.

१६/ परंतु बोट कोणाकडे वळते, हा प्रश्न विचारायलाच हवा. झारखंडातील आदिवासी भागांचा अभ्यास करताना गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी दाखवले की चेटकीण ठरवल्या जाणाऱ्यांत विधवा मोठ्या संख्येने असतात, आणि पतीच्या जमिनीवरील त्यांचा हयातीपुरता हक्क भाऊबंदांना खुपत असतो. अजय स्कारिया यांनी वसाहतकालीन पश्चिम भारतातील भिल्लांमधील अशा हिंसेवर लिहिले आहे आणि ती केवळ जमिनीच्या हिशेबात बसवता येत नाही याचे भान दिले आहे. दोन्ही म्हणणी एकत्र धरून ठेवावी लागतात. प्रत्येक डाकिणीमागे शेत नसते. कधी मत्सर असतो, कधी जुने भांडण, कधी फक्त एकटी बाई असते आणि आजाराला कारण हवे असते. मात्र एकदा तिला गावातून हाकलले की तिच्या वाट्याचे जे काही असते ते कोणाच्या तरी वाट्याला जातेच.

१७/ आणि इंग्रज अधिकारी? त्यांनी डाकिणीच्या खुनाला खून मानले, हे योग्यच झाले. पण त्याच खटल्यांतून त्यांनी भिल्लांच्या ‘रानटीपणा’चा पुरावाही जमवला, आणि रानटी लोकांच्या हाती जंगल कसे द्यावे, हा पुढचा प्रश्न सोपा झाला. बाईचा मृत्यू दोनदा वापरला गेला : एकदा भाऊबंदांकडून, एकदा दप्तराकडून. आता तिसऱ्यांदा तो करमणुकीसाठी वापरायचा बेत दिसतो.

१८/ कारण हा बेत कल्पनेतच राहिलेला नाही. ‘सातपुड्यातील डाकिणीचा थरार’ या धाटणीच्या चित्रफिती मोबाइलवर सर्रास फिरतात. उलटे पाय, विस्कटलेले केस, गळ्यात आदिवासी दागिने, पार्श्वभूमीला ढोल. ढोल तोच, जो काठीच्या राजवाडी होळीत वाजतो. दागिने तेच, जे धडगावच्या बाजारात कोणतीही आजी घालून येते. कोणी म्हणेल, करमणूक आहे, एवढे काय. ट्रान्सिल्व्हेनियात आज कोणी शेजाऱ्याला ड्रॅक्युला ठरवून जाळत नाही, म्हणून ड्रॅक्युला करमणूक आहे. अक्राणी-अक्कलकुव्यात डाकिणीचा आळ आजही एखाद्या जिवंत बाईवर येऊ शकतो. ज्या भुताला अजून पत्ता आहे, रेशनकार्ड आहे, त्याच्यावर चित्रपट काढण्याचे नियम वेगळे असतात.

१९/ कायद्याने हे ओळखले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, गुरांचे दूध आटते, असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. थरारफितींचे निर्माते आरंभी ‘अंधश्रद्धेला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही’ अशी पाटी लावतात. पाटी मराठीत असते, आणि ती दोन सेकंदांत जाते.

२०/ मग सातपुड्याचा वेस्टर्न पट होऊच नये काय? व्हावा. त्याची कथा तयार आहे, फक्त ती भयकथाकारांना दिसत नाही. १९७१-७२ चा शहादा तालुका घ्यावा. एका बाजूला मोठे बागाईतदार. त्यांच्या पिकांच्या राखणीसाठी पीक संरक्षण सोसायटीचे पहारेकरी. सरपणासाठी वा मूठभर धान्यासाठी शेतात शिरलेल्या आदिवासींना त्यांचा मार बसे. अमेरिकेत वायोमिंगच्या पशुपालक धनिकांनी १८९२ मध्ये भाडोत्री बंदूकबाज आणून छोट्या शेतकऱ्यांवर सोडले, त्या जॉन्सन काउंटीच्या लढ्यावर आजवर कितीतरी चित्रपट निघाले. शहाद्यावर किती निघाले?

२१/ दुसऱ्या बाजूला अंबरसिंग महाराज. बंदूकबाज नव्हे, भजने गाणारा भिल्ल कार्यकर्ता, सर्वोदयी मंडळींच्या सहवासात घडलेला. १९७१ मध्ये पाटीलवाडीचे प्रकरण घडले, आदिवासींवर हल्ला झाला, तालुका पेटला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

२२/ आणि बायका. याच तालुक्यातील भिल्ल स्त्रिया त्या काळात शिबिरांत जमल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न काढला तो दारूचा आणि नवऱ्याच्या माराचा. मग त्या गटागटाने गावोगाव गेल्या, दारूचे अड्डे गाठले, माठ फोडले, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. घोळक्याने येणाऱ्या, कोणाला न भिणाऱ्या, पुरुषांना घाम फोडणाऱ्या आदिवासी बाया : भयपटवाल्यांना हवे असलेले दृश्य नेमके हेच आहे. फरक एवढाच की इथे त्या बायका कोणाचे काळीज खात नाहीत आणि भीती ज्यांना वाटते त्यांना ती वाटण्याचे रास्त कारण आहे.

२३/ कॅथरिन बिगेलो हिला १९८७ मध्ये वेस्टर्न पट काढायचा होता. पैसे कोणी देईना, म्हणून तिने त्यात व्हॅम्पायर घातले आणि ‘निअर डार्क’ झाला. या प्रकारातला बहुधा सर्वांत चांगला. म्हणजे भांडवलासाठी पिशाच्च घालावे लागते, हेही मान्य करू. सातपुड्याच्या चित्रपटातही घालावे. पण ते धडगावच्या पाड्यावर झोपडीत राहणार नाही. ते तालुक्याला राहील. त्याच्याकडे जीप असेल, चांगला चष्मा असेल, देवळाच्या जीर्णोद्धाराला त्याने देणगी दिलेली असेल. आरशात त्याचे प्रतिबिंब दिसणार नाही, तसे कुळाच्या नावावर शेत असलेल्या जुन्या उताऱ्यातही त्याचे नाव दिसणार नाही. नव्या उताऱ्यात मात्र ते ठसठशीत असेल.

२४/ त्याला मारायचे कसे, हा पटकथेतला खरा पेच. ‘कर्स ऑफ द अनडेड’मध्ये पाद्री गोळीच्या टोकाला छोटासा क्रूस बसवतो आणि झाडतो. शहाद्यात झालेली गोष्ट त्या पाद्र्याच्या आधीच्या कामासारखी होती, जुने कागद चाळण्याच्या. कोणती जमीन कोणाची होती, ती कधी गेली, कोणत्या व्यवहाराने गेली, हे कार्यकर्त्यांनी गावागावांत बसून काढले. त्यांच्यासारख्या लढ्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९७४ चा अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींचे व्यवहार त्याने पुन्हा उघडता आले.

२५/ १९५७ च्या आधी गेलेल्या जमिनी त्या तारखांच्या बाहेर राहिल्या. सालदाराच्या आजोबाने अंगठा उठवला तो बहुतेकदा त्याच्याही आधी.